मोरचुदाला न भिणारी बुरशी

सर, तुमचं थॅलोफायटा मोडलं. एकदम असं सुरू करू नये हे मला कळतं. पण तुम्हाला जाऊन साठाच्या वर वर्षं झाली, तुमची तब्येत विचारण्यात अर्थ नाही, आणि माझ्या गुडघ्यांचं रडगाणं मला स्वतःलाच ऐकवत नाही. परवा नात पुण्याहून आली. वनस्पतिशास्त्रच शिकते. जेवताना तिला सहज म्हटलं, आमच्या वेळी पहिला धडा थॅलोफायटाचा असायचा. शेवाळ, बुरशी, अळंबी, दगडफूल, झालंच तर जिवाणूसुद्धा, सगळे एका पंगतीला. मूळ नाही, खोड नाही, पान नाही, एवढंच त्यांचं लक्षण. ती हसली. म्हणाली, "आजी, तसा गट आता कोणी मानत नाही. शाळेच्या पुस्तकांत नाव राहिलंय अजून, पण ते आपलं सवयीनं." मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं. बुरशी आणि अळंबी यांचं राज्यच वेगळं, झाडांपेक्षा त्या प्राण्यांच्या जवळच्या. निळंहिरवं शेवाळ म्हणजे जिवाणूच. बाकीची शेवाळं चार दिशांना गेली. मी विचारलं, "मग तिथं राहिलं काय?" "काही नाही," ती म्हणाली, आणि तिनं आणखी आमटी वाढून घेतली.

तेव्हापासून मी जागेवर ठरत नाही. उठते, कपाट उघडते, तुमची वही काढते, दोन पानं उलटते, परत ठेवते. सून विचारते, आई, काही हवंय का? तिला काय सांगू? बरं, गट मोडल्याचं मला दुःख आहे म्हणावं तर तेही नाही. तो मोडणारच होता, आणि तुमच्याही मनात ते होतं. मला खुपलं ते तिचं सहज बोलणं. चूक होती, कळली, दुरुस्त केली, आमटी वाढ. शास्त्रातल्या चुका दुरुस्त होतात कारण कोणी ना कोणी परत जाऊन पाहतं. तुमच्या वहीत मात्र एक चूक अशी आहे, की ती दुरुस्त करू शकेल असं एकच माणूस आता जिवंत आहे, आणि ते म्हणजे मी. शेवटची तीन वर्षं तुम्ही जिच्या मागे होतात, जिला तुम्ही मोरचुदाला न भिणारी बुरशी म्हणायचात, ती नव्हतीच सर. नमुने डकवायच्या खळीत मोरचूद नव्हतं. मी घातलं नव्हतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा घातलं म्हणून सांगितलं.

झालं, लिहिलं. आता पहिल्यापासून सांगते, कारण नुसतं एवढं वाक्य लिहून उठले तर उद्या पुन्हा कपाट उघडावं लागेल.

त्रेचाळीस साल. आमच्या वर्गात मुली दोन, त्यातली एक दिवाळीआधीच लग्न होऊन गेली. मी साताऱ्याची, सांगलीत मावशीकडे राहून शिकणारी, पहिल्या बाकावर एकटी. तुम्ही फळ्यावर मोठा कंस काढलात आणि त्यात सगळी मंडळी कोंबलीत. मी हात वर केला. वर करायला नको होता, पण माझा हात तेव्हा माझं ऐकत नसे. म्हटलं, "सर, अळंबी हिरवी नाही. ती स्वतःचं अन्न करत नाही. शेवाळ करतं. दोघांत सारखं काय, तर दोघांना पान नाही. मग माझ्या मावशीला आणि तुमच्या टेबलाला शेपूट नाही म्हणून ती दोघं एका जातीची का?" वर्ग खदखदून हसला. तुमचे कान लाल झाले. वर्गात तुम्ही सगळ्यांना अहोजाहो करायचात, रागावलात तरी. "बाई, परीक्षकाला तुमचे प्रश्न नको आहेत. त्याला उत्तरं हवीत, आणि ती पुस्तकात आहेत. बसा खाली." मी बसले. मला रडू आलं नाही, संताप आला. अख्खा तास मी वहीत टेबलाला शेपट्या काढत बसले.

दुपारी तुम्ही मला प्रयोगशाळेत बोलावलंत. वाटलं, आता नाव काढून टाकणार. तुम्ही खिडकीशी उभे होतात, पाठ माझ्याकडे. म्हणालात, "तुमचं म्हणणं चूक नाही. हा गट म्हणजे आमच्या घरची अडगळीची खोली आहे. ज्याला दुसरीकडे जागा नाही ते सगळं तिथं. पण खोली आवरायची तर आधी तिच्यात काय काय आहे ते एकेक बाहेर काढून पाहायला हवं. ते काम मी करतोय, गेली अकरा वर्षं. संध्याकाळी घरी या. आमच्या मंडळींच्या मसाल्याच्या डब्यातसुद्धा थॅलोफायटा आहे." सकाळचं बोलणं तुम्ही मागे घेतलं नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. तरी आपलं जमलं.

काकूंनी खरोखरच मसाल्याचा डबा पुढं केला. गोड्या मसाल्यासाठी आणलेलं दगडफूल, काळंकरडं, चुरगळलेलं. ते मी जन्मभर भाजताना पाहिलं होतं, पण पाहिलं नव्हतं. तुम्ही पितळी कडीचं भिंग माझ्या हातात दिलंत आणि सांगितलंत, हा एक जीव नव्हे, दोन आहेत. बुरशी घर बांधते, शेवाळ त्यात राहून दोघांचा स्वयंपाक करतं. काकू चुलीपासून म्हणाल्या, "आमच्यासारखंच म्हणायचं. यातली बुरशी कोण ते मात्र विचारू नकोस गं, त्यांना राग येतो." तुम्ही हसलात. त्या घरात मूल नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांना असे चिमटे काढत जगत होतात, आणि मी तिथं गेले की काकू पाटावर आणखी एक ताटली मांडत. घरी तुम्ही मला 'तू' म्हणायला लागलात ते कधी, मला आठवत नाही.

ती अकरा वर्षं एका लोखंडी ट्रंकेत होती. कृष्णेच्या घाटावरचं शेवाळ, कागदावर पाण्यातून अलगद उचलून वाळवलेलं. उसाच्या पाचटावरची अळंबी. साताऱ्याच्या डोंगरावरची दगडफुलं. प्रत्येक नमुन्याला एक पान, प्रत्येक पानावर तुमच्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी. पुण्यातल्या एका मोठ्या अभ्यासकानं पत्रानं कळवलं होतं, की सगळा संग्रह नीट डकवून, क्रम लावून पाठवा, मी पाहतो. ते पत्र तुम्ही कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचात. अकरा वर्षं पोरांना पास करून दाखवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कोणी विचारलं होतं, की तू स्वतः काय पाहिलंस.

त्या दिवाळीत तुम्ही आणि काकू साताऱ्याला आलात. आमच्या घरी उतरलात, माझ्या वडिलांशी दोन तास हवापाण्याचं बोललात आणि दुसऱ्या दिवशी यवतेश्वराच्या घाटात कातळावर पालथे पडलात. कोट घालून. काकू आणि मी सावलीत भाकरीचं फडकं सोडून बसलोय. शेळ्या वळणारी एक म्हातारी येऊन थांबते, तुमच्याकडे बघत राहते. "काय हरवलंय वो मास्तरांचं?" काकू सांगतात, "काही नाही, दगडफूल बघताहेत." "आत्ता गं बया! मंग बाजारात न्हाई व्हय मिळत? पावशेर घ्या जावा की. एवढं लोळायचं कशापायी?" तुम्ही कातळावरून मान वर करून तिला विचारता, "आजी, हे झाडावर येतं ते आणि दगडावर येतं ते, एकच का?" ती क्षणभर विचार करून म्हणते, "न्हाई. झाडावरलं लय वास मारतं. दगडावरलं मुकं असतंय." तुम्ही उठून बसता आणि हे तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेता. वहीत ते अजून आहे. उतरताना तुम्ही ते भिंग माझ्या हातावर ठेवलंत. "हे तुझ्याजवळ राहू दे. मला आता दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज पडणार आहे." तुमच्या डाव्या डोळ्यात पडदा येत होता, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग वैशाख. शेवाळ कागदाला आपल्या बुळबुळीतपणानंच चिकटतं. पण दगडफुलं, अळंबीचे वाळलेले काप आणि चिठ्ठ्या खळीनं डकवाव्या लागत. खळ म्हणजे पिठाची पेज. ती किड्यालाही आवडते आणि बुरशीलाही. म्हणून शिजतानाच तिच्यात मोरचूद घालायचं. लढाईचे दिवस, गहू रेशनवर. काकूंनी आपल्या वाट्याच्या गव्हातलं वाटीभर पीठ काढून दिलं होतं. तुम्ही मोरचुदाची पूड कागदात बांधून माझ्या हाती दिलीत, निळी, मोरपिसासारखी, आणि बाहेरच्या खोलीत चिठ्ठ्या लावत बसलात. मी पातेलं चुलीवर ठेवलं, पुडी सोडली, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं.

"हे काय घालतेस?"

"मोरचूद. सरांनी सांगितलंय."

"विष आहे ते! माझ्या दुधाच्या पातेल्यात? उद्या ह्यातच मी दूध तापवायचं? देवाला नैवेद्य दाखवायचा?" त्या घरात त्या मापाचं तेवढंच एक पातेलं उरलं होतं. "डब्यात काढ आणि अंगणात जाऊन काय ते कालव. माझ्या चुलीवर नाही."

काकूंचं काही चुकलं नव्हतं. डब्यात काढून कालवता आलं असतं. मी डबा शोधला, सापडला तो रॉकेलचा. दुसरा धुवायला घेतला. तोवर खळ घट्ट व्हायला लागली, आणि तुम्ही बाहेरून हाक मारलीत, "झाली का गं? चिठ्ठ्या उडताहेत!" मी पातेलं उचलून नेलं. पुडी पदराच्या गाठीत. तुम्ही बोटावर खळ घेतलीत, उजेडाकडे धरलीत, उजवा डोळा बारीक केलात. "निळी झाक दिसत नाही. मोरचूद घातलंस ना?"

"घातलं सर. चिमूटभरच घातलं."

एवढंच. का म्हणाले? उशीर झाला होता, काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, तुमच्यापुढं त्यांची तक्रार करायची नव्हती. यातलं सगळं खरं आहे. आणि हेही खरं, की चार दिवस बसून चिठ्ठ्या लावायच्या आणि 'बसा खाली' ऐकलेलंही विसरायचं, इतकी काही मी गुणी नव्हते. आपण चार दिवस डकवत होतो. रोज नवी खळ, रोज तेच पातेलं, आणि रोज मी नुसती मान हलवायची. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विचारणंही सोडलंत. ट्रंक बंद केलीत तेव्हा तुम्ही कुलपाला हात लावून नमस्कार केलात. पुडी मी घरी जाताना मावशीच्या मोरीत ओतली. पाण्याबरोबर ती निळी रेघ वाकडीतिकडी होत गेली, ती मला अजून दिसते.

पावसाळा संपल्यावर पाठवायचं ठरलं होतं. गणपती झाल्यावर तुम्ही ट्रंक उघडलीत. मी तिथंच होते. आधी वास आला, मग ते दिसलं. पानांवर करडीहिरवी लव, चिठ्ठ्यांवर, दगडफुलांवर, जिथं जिथं खळ लागली होती तिथं तिथं. तुमचं अक्षर तिनं खाल्लं होतं. अकरा वर्षांतले जेमतेम चारेक नमुने वाचले, तेही शेवाळाचे, ज्यांना खळ लागली नव्हती. तुम्ही जमिनीवर बसलात. काकू आतून आल्या, एकदा ट्रंकेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भिंतीला टेकून राहिल्या. मग तुम्ही अगदी हळू, जणू मला दुखवायला नको म्हणून, विचारलंत, "तू मोरचूद घातलं होतंस, नाही का?"

ती वेळ होती, सर. तिथं बोलले असते तर तुम्ही ओरडला असतात, कदाचित मला दारात उभं केलं नसतंत, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. मी म्हटलं, "हो."

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. विद्यार्थिनी खोटं बोलते आहे असं मानण्यापेक्षा निसर्गच नियमाबाहेर वागतो आहे असं मानणं तुम्हाला सोपं वाटलं. तुमचा चेहरा बदलायला लागला. तुम्ही एक पान उचललंत, माझ्याकडून भिंग मागून घेतलंत, नाकाशी धरलंत. "म्हणजे हिला मोरचूद चालतं," तुम्ही म्हणालात. "अगं, म्हणजे ही मोरचुदाला भीत नाही!" आणि तुम्ही उभे राहिलात. सगळा संग्रह गेला होता, आणि तुम्ही पोरासारखे उभे राहिलात. "पानं गेली तर गेली. ती मिळतील परत. ही कोणी पाहिलेली नाही. आणि पहिल्यांदा तुझ्या हातच्या खळीवर उगवली. थांब, हिच्या नावाला मी तुझं आडनाव लावतो. लॅटिन शेपूट जोडून! तुझ्या मावशीला नाही, पण तुझ्या आडनावाला असेल शेपूट." पहिल्या दिवसाचं माझं बोलणं तुम्ही ध्यानात ठेवलं होतंत. तुम्ही मोठ्यानं हसलात. मीही हसले.

त्यानंतर तुमचं वेड सुरू झालं. ती लव तुम्ही खरवडून बाटल्यांत ठेवलीत. मोरचूद घातलेली खळ बशांमध्ये ओतून तिच्यावर ती पेरायचात आणि रोज सकाळी पाहायचात. ती उगवत नव्हती. कशी उगवेल? तुम्ही म्हणायचात, हवा कोरडी आहे. पावसात म्हणायचात, बी म्हातारं झालं असेल. मोरचूद कमी केलंत, उगवेना. आणखी कमी केलंत, उगवेना. अगदी नावापुरतं राहिलं तेव्हा कुठं एक ठिपका आला आणि तुम्ही मला बोलवायला कॉलेजचा शिपाई मावशीकडे पाठवलात. बशा सगळ्या काकूंच्या होत्या. त्यांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, आणि त्यावरूनच मला कळलं, की त्यांना माहीत आहे.

एका दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, मी त्यांना सांगते." त्यांनी वर पाहिलं नाही. "काय सांगशील?" "तुम्हाला माहिताय काय ते." त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौदा वर्षं संसार झाला. सकाळी उठून शीळ घालताना मी ह्यांना पहिल्यांदा ऐकतेय. सांगायचं तर माझ्यासमोर सांगू नकोस." मी सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मी हे काकूंच्या माथी मारत आले. त्यांनीच थांबवलं, मी काय करणार, असं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यातला हरिपूरचा तो दिवस. जमिनीखाली खोल खणलेली हळदीची पेवं. वरचं तोंड इतकं अरुंद की एकच माणूस उतरावा. आत हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. तुमचं म्हणणं, जिथं काहीच उगवत नाही तिथं उगवणारी बुरशी दांडगी असणार, आपल्या बुरशीची सख्खी बहीण असणार. एका पेवात पाणी झिरपून खालच्या हळदीला लव आली, असं कोणी तरी तुम्हाला सांगितलं होतं. पेव उघडणारा माणूस तोंडावरची माती बाजूला करतो, दोरीला कंदील बांधून आत सोडतो. कंदील थोडा खाली जातो आणि विझतो. तो पुन्हा पेटवून सोडतो. पुन्हा विझतो. "वाफ हाय सायेब. दुपार टळू द्या, मग उतरा." तुम्ही येरझाऱ्या घालता. तिसऱ्यांदा कंदील मिणमिणत राहतो आणि तुम्ही कोट काढून माझ्या हातात देता. "जळतोय की." "आवं जळतोय कुटला? जीव धरून हाय नुस्ता. थांबा जरा!" तुम्ही चष्मा काढून माझ्या दुसऱ्या हातात देता आणि पेवाच्या तोंडाशी बसून पाय आत सोडता. तो माणूस माझ्याकडे वळतो. "आवं बाई, तुमी तरी सांगा की त्यास्नी! तुमचं ऐकत्याल त्ये."

एका हातात तुमचा कोट, एका हातात चष्मा. मी म्हटलं, "सर, एक सांगायचंय." तुम्ही वर बघितलंत. चष्म्याशिवाय तुमचे डोळे फार उघडे दिसायचे. "आत्ताच?" "हो. त्या खळीबद्दल." "वर आल्यावर सांग. मलाही तुला सांगायचंय, नाव काय ठरवलं ते." आणि तुम्ही उतरलात. दोन मिनिटांत त्या माणसानं तुम्हाला काखेत धरून वर ओढलं. तुमचं तोंड पिवळं झालं होतं, हळदीनं की कशानं कोण जाणे, आणि तुम्ही इतके खोकत होतात की बोलता येईना. मुठीत मात्र हळदीचं एक लव आलेलं हळकुंड घट्ट धरलेलं. टांग्यात बसल्यावर श्वास परत आला तेव्हा तुम्ही मला ते पूर्ण नाव म्हणून दाखवलंत. लॅटिनमध्ये माझं आडनाव. मग म्हणालात, "तू काय सांगणार होतीस?" मी म्हटलं, "काही नाही सर."

त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. दमा तुम्हाला आधीपासून होता. डॉक्टर तसं म्हणाले, काकू तसं म्हणाल्या, आणि मीही तसंच म्हणते; पण हळद कुटायला घेतली की मी अजून खोलीबाहेर जाते. दिवस झाल्यावर काकूंनी वही माझ्या हाती दिली. "माझ्यानं जाळवत नाही आणि ठेववतही नाही. तू ने." त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. वही मी लुगड्यांखाली घालून सासरी नेली. मग साताऱ्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले आणि तीस वर्षं शिकवत राहिले. दर वर्षी पहिला धडा तोच. मूळ नाही, खोड नाही, पान नाही. दर वर्षी एखादी पोर हात वर करायची, बाई, अळंबी हिरवी नसते ना? मी कोणालाच खाली बसवलं नाही. तेवढं एक तुमच्यापेक्षा बरं केलं. आणि नमुने डकवायचा तास आला की मोरचूद मी माझ्या हातानं घालायची, मुलींच्या हाती द्यायची नाही. त्यांना वाटायचं, बाई विषाला जपतात.

आता हे लिहून झालं आणि तरी मला बसवत नाही, म्हणजे अजून काहीतरी राहिलंय. मघाशी दोनदा उठून आले. नात परत जायच्या आधी ही वही तिला दाखवावी, तिनं तुमच्या त्या सगळ्या पानांवर एकच ओळ लिहावी, 'खळीत मोरचूद नव्हते', म्हणजे वही तरी खरी होईल, असं ठरवलं होतं. सकाळी तिला हाक मारली. ती आली, आणि मी तिला चष्मा शोधून द्यायला सांगितलं. तो माझ्या नाकावरच होता.

राहिलंय ते असं. घाबरून गप्प राहिले, काकूंनी थांबवलं म्हणून गप्प राहिले, तुम्ही शीळ घालत होतात म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. ते सगळं पहिल्या दिवसापुरतं होतं. पुढची तीन वर्षं मी गप्प राहिले कारण मला ते नाव हवं होतं. ती बुरशी नाही हे माहीत असून, ती तुम्हाला सापडावी असं मी मनापासून इच्छित होते. टांग्यात तुम्ही खोकत होतात, आणि मी मनातल्या मनात ते नाव घोकत होते, पाठ व्हावं म्हणून.

तुमच्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ते मी चौदा वेळा लिहिलंय, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, निरनिराळ्या वळणांत. माझं माहेरचं आडनाव आता कुठल्याच कागदावर नाही, तेवढं एक पान सोडून. हे पत्र त्याच पानात घालून ठेवते. ते पान फाडायचं म्हणून आज दुपारी कात्री घेऊन बसले होते, सर. नाही फाडलं.